पेठांच्या शहरातला राजा

कोल्हापूर मी प्रथम पाहिले ते उसाच्या फडातून. 2018 सालची गोष्ट. मी सहावीत होतो. आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मला गावी ठेवून घ्यायला कुणी नव्हते. मुकादमाची उचल घेतलेली होती, तेव्हा आईवडिलांना जाणे भाग होते आणि त्यांच्यामागे मलाही. कळंब तालुक्यातले आमचे गाव सोडून आम्ही भोगावतीच्या काठी कोपी घातली. दिवसभर वाढं गोळा करायचे, धाकटीला खेळवायचे, मोळ्या मोजायच्या, आणि रात्री कारखान्याचा भोंगा ऐकत झोपायचे, असा माझा त्या वर्षीचा अभ्यासक्रम होता.

एके दिवशी तोड बंद होती. टोळीतला एक चुलतभाऊ मला शहरात घेऊन गेला. भवानी मंडपात आपल्या तुळजाभवानीचे देऊळ पाहून मला केवढा धीर आला! आमचीच देवी येथे आधीच येऊन बसली आहे, मग आपण काही अगदीच परके नाही, असे वाटले. तेथून निघालो तो रस्त्याने पोरांचे जथेच्या जथे चाललेले. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या गळ्यात शिट्टी, मोटारसायकलवर तिघे तिघे. त्यांच्या लोंढ्याबरोबर आम्हीही छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मैदानात फुटबॉलचा सामना चालला होता. फुटबॉल मी तोवर पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

शेजारी बसलेल्या माझ्याच वयाच्या एका मुलाने मला पहिला प्रश्न विचारला, तो मी कुठल्या पेठेचा हा. नाव नाही विचारले, शाळा नाही, जातही नाही, पेठ विचारली. मला पेठ नव्हती. उस्मानाबाद म्हटले तर त्याला उमगले नाही, म्हणून तुळजापूरच्या बाजूचा म्हणून सांगितले. तो हसला, पण कुत्सितपणाने नव्हे. त्याने आपल्या झेंड्याचे एक टोक माझ्या हाती दिले आणि मी तिन्हीसांजेपर्यंत एका अनोळखी पेठेसाठी घसा कोरडा केला. सामना कोणी जिंकला हे आज मला सांगता येणार नाही. पण कोपीवर परतल्यावर दोन दिवस मी स्वतःला त्या पेठेचाच समजत होतो, हे मात्र पक्के आठवते.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला राजर्षी शाहू महाराजांचा पाठ झाला आणि तो झेंडा मला पुन्हा आठवला. ज्यांच्या नावाच्या मैदानावर मी बसलो होतो त्या माणसाने माझ्या त्या उपरेपणाचा आयुष्यभर विचार केला होता, असे वाचता वाचता ध्यानात आले. त्यासाठीच हा लेखनप्रपंच. महाराजांच्या चरित्रावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मी आपला एका टोकाकडून त्यात शिरतो आहे.

महाराज स्वतः कोल्हापूरच्या गादीवर बाहेरून आलेले. 26 जून 1874 रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचा जन्म झाला तो कागलच्या घाटगे घराण्यात. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव तथा आबासाहेब, आई राधाबाई. तीन वर्षांचे असतानाच आई गेली. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 रोजी त्यांना दत्तक घेतले, आणि दहा वर्षेही पुरी न झालेला कागलचा यशवंत कोल्हापूरचा शाहू झाला. दोनच वर्षांनी वडीलही गेले. राजवाडा, नोकरचाकर, हत्तीघोडे सारे असूनही ते पोर पोरकेच होते. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी 1891 मध्ये विवाह झाला. 2 एप्रिल 1894 रोजी राज्याचा कारभार हाती आला, तेव्हा त्यांचे वय होते एकोणीस. माझेही आज तेवढेच आहे. माझ्या हाती सध्या वसतिगृहाच्या खोलीची किल्ली आणि पुढल्या सत्राचा फीचा अर्ज आहे, ही गोष्ट निराळी!

महाराजांना कुस्तीचे वेड होते. वेड हाच शब्द बरोबर. स्वतः ते आडदांड देहाचे आणि तालमीत घुमलेले. शिकार, घोडे, हत्ती, चित्ते हे सारे त्यांना प्रिय. पण राजाच्या छंदाला त्यांनी जे वळण दिले ते मला विशेष वाटते. गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष यांच्यासारख्या उत्तरेकडच्या नामांकित मल्लांचे कोल्हापुराकडे पाय वळले ते या राजाश्रयामुळे. गरिबाघरच्या पोरांना खुराक मिळू लागला. पेठेपेठेतल्या तालमींना उत्तेजन मिळाले. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावे आमच्या कळंबच्या जत्रेतला पैलवानसुद्धा कानाची पाळी धरून घेतो.

1902 साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि तसे काही आपल्या गावी असावे असे त्यांच्या मनाने घेतले. 1912 मध्ये पुरे झालेले खासबागचे मैदान ते हे. मधोमध आखाडा आणि भोवताली मातीचा गोल चढ, असे की शेवटच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याआडून नव्हे, डोक्यावरून कुस्ती दिसावी. सुमारे 30 हजार माणूस तेथे बसते असे सांगतात. गेल्या वर्षी मी मुद्दाम जाऊन त्या चढावर सर्वांत वर बसलो. मैदान मोकळेच होते, एक म्हातारबुवा तेवढे ऊन खात बसले होते. पण आखाड्याच्या मातीतला खडा मला तेथून दिसला असता.

येथे एक विचार येतो. कुस्ती हा दोघांचा खेळ. पण कुस्ती लावणारे, बघणारे, फेटे उडवणारे हे हजारो. मल्ल कुठल्या तालमीचा, तालीम कुठल्या पेठेची, यावर त्या हजारांची वाटणी होते. महाराजांनी पेठांना तालमी दिल्या म्हणजे एका अर्थी भांडायला निमित्तच दिले, असे कुणी म्हणेल. मीही आधी तसेच म्हणत होतो. वसतिगृहांची हकिगत वाचली तेव्हा जरा थबकलो.

महाराजांनी 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले होते. हेतू चांगला. पण थोड्याच काळात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच तेवढे उरले, बहुजनांची पोरे टिकेनात. जो आधीच शिकलेला त्याचेच सारे, असा प्रकार झाला. सर्वांसाठी असलेले घर प्रत्यक्षात कुणा एकाचे होऊन बसते, हे महाराजांना तेथे दिसले. मग त्यांनी दुसरी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैनांचे, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, 1908 मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, ख्रिस्ती, कितीतरी. कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे गावच झाले. प्रत्येक पोराला शहरात आल्यावर आपले म्हणायला एक दार मिळाले. खेड्यातून प्रथमच बाहेर पडणाऱ्याला त्या दाराची किंमत काय असते ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. ऊसतोडीच्या पुढल्या सालापासून आमच्या गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली आणि माझी शाळा पुन्हा बुडाली नाही, म्हणून मी हे अधिकाराने लिहितो.

पण दार म्हटले की भिंतही आलीच. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला ते बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह सुरू केले. वेगळ्या दारांनी मुले आत आणली महाराजांनी, आणि आतल्या भिंती पाडण्याचे काम त्याच दारातून बाहेर घातलेल्या मुलाने केले, हे मला फार नवल वाटते. खुद्द महाराजही तेथेच थांबले नाहीत. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

वेदोक्ताचे प्रकरण सर्वांना ठाऊकच आहे, ते मी थोडक्यात आटोपतो. 1899 च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित महाराजांसाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत होता, आणि राजालाही आपली पायरी दाखवली जाते हे त्यांना कळून चुकले. राजाची ही गत, तर पोतराजाची काय? विलायतेत असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, त्यांचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला आणि यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरण्याचे ठरले. देशात असा हुकूम काढणारे राज्यकर्ते त्या काळी दुसरे कोण होते ते मला सापडले नाही.

मला सर्वांत आवडतो तो गंगाराम कांबळे यांचा प्रसंग. राजवाड्याच्या पागेत काम करणारा हा माणूस. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी त्याला गुरासारखा बदडला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामला नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्याने चहाचे दुकान घातले, सत्यसुधारक हॉटेल. सुरुवातीस गिऱ्हाईक येईना. महार माणसाच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही द्यायला लावायचे. राजापुढे नाही म्हणायची सोय नव्हती! कायदा कागदावर राहतो, चहा घशाखाली उतरतो. महाराजांना दोन्हींचा उपयोग समजला होता. त्यांच्या पश्चात त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभारले गेले ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांच्या वर्गणीतून. सरदार-इनामदारांच्या आधी.

1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या हिशेबाने आमच्या वडिलांना त्या एका हंगामाचे सहा रुपये भरावे लागले असते. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. याच सुमारास आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या खेड्याला त्याचा काय उपयोग? आमच्याकडे सप्टेंबर 1948 उजाडेपर्यंत ही स्थिती होती. अडीचशे किलोमीटरवर एक राजा पोरे शाळेत कोंबत होता आणि माझे पणजोबा अंगठा उठवत होते. इतिहासात पेठ असते तशी सरहद्दही असते.

राधानगरीचे धरणही महाराजांचेच. 1907 च्या सुमारास त्यांनी भोगावतीवर बांध घालण्याचे योजले आणि राधानगरी हे गाव वसवले. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. त्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला, आणि तो तोडायला आमची माणसे कोयता घेऊन दरसाल मराठवाड्यातून तिकडे जातात. महाराजांनी पाण्याचा विचार केला तेव्हा तोडणाऱ्यांचा केला नसेल. तो आता आपण करायचा आहे.

1919 मध्ये कानपूरच्या कुर्मी परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली. मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत ते तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. त्याआधी मूकनायकला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. वय अवघे 47.

आता पुन्हा झेंड्याकडे येतो. महाराजांच्या मागे कोल्हापुरात फुटबॉल रुजला आणि रुजला तो तालमींतच. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज तेथले संघ पाहा: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. फुटबॉलच्या संघाला तालीम म्हणणारे गाव जगात दुसरे नसावे! लाल मातीतला आखाडा तसाच राहिला आणि पेठेची ईर्ष्या मात्र चेंडूबरोबर हिरवळीवर गेली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली चुरस तर म्हणीसारखी झाली आहे. सामन्याच्या दिवशी गल्लीत पताका लागतात, आजोबा नातवाला घेऊन येतात, आणि पेठेकडून खेळायला पार नायजेरियाचे खेळाडू येतात. ते मात्र एका हंगामात पेठेचे होऊन जातात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. मी स्टेडियमवर गेलो तेव्हा पोरांच्या तोंडी त्याचेच नाव होते.

कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्याविषयी आपण वाचतो. तेथे एका बाजूला मूळचे पश्चिम बंगालवाले आणि दुसऱ्या बाजूला पूर्व बंगालातून आलेले. मोहन बागानने 1911 मध्ये अनवाणी पायांनी गोऱ्या सोजिरांच्या संघाला हरवून शील्ड जिंकली तेव्हा सारा बंगाल एक झाला होता, आणि 1920 मध्ये ईस्ट बंगाल निघाला तेव्हा पुन्हा दोन झाला. कोल्हापुरात अंतर नदीचे किंवा प्रांताचे नाही, हाकेचे आहे. एकाच बाजारात भाजी घेणारी माणसे रविवारी समोरासमोर बसतात. त्यातून कधी दगड उडाले आहेत, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आहेत, सामने थांबवावे लागले आहेत. शाहूंच्या नावाच्या मैदानावर हे व्हावे याचे तेथल्या जाणत्यांना वाईट वाटते. पण मला त्यांना नावे ठेवायचा अधिकार नाही. त्याचे कारण सांगतो.

आमच्या गावच्या जत्रेत वरची गल्ली आणि खालची गल्ली अशा दोन बाजू. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या कुस्तीला आमच्या गल्लीच्या पैलवानाची पाठ लागली. लागली, मी स्वतः पाहिली. पण गल्लीने गिल्ला केला की लागलीच नाही, आणि त्या गिल्ल्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. जिंकलेला मुलगा वस्तीवरचा. त्याचे आईबाप माझ्या आईबापांच्याच टोळीत होते, आम्ही दोघे एका कोपीत झोपलेलो. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. त्याने नारळ घेतला नाही, तसाच लंगोटावर निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

हे नुसते गावातलेच आहे असेही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या धाराशिवात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, तेव्हा केवढी गर्दी लोटली होती! आणि त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली. संघटना दोन, म्हणून एका महिन्यात गदाही दोन. थोरांच्या गल्ल्या मोठ्या असतात, एवढाच फरक.

मागल्या वर्षी कोल्हापूरला गेलो तो खासबाग पाहण्यासाठीच. मैदानाला लागून महाराजांनी 1915 मध्ये बांधलेले नाट्यगृह आहे, केशवराव भोसल्यांच्या नावाचे. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत जळाले. तेथे उभ्या असलेल्या लोकांत मी उगाच कान देऊन ऐकत होतो. ते कुठल्या पेठेचे ते मला ओळखू आले नाही. काळवंडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून एक जण दुसऱ्याला रंगमंच कोठे होता ते सांगत होता.

परतीची गाडी रात्रीची होती. स्थानकावर बसून मी जत्रेतल्या त्या मित्राला फोन लावला. त्याने उचलला नाही. तो यंदा टोळीबरोबर भोगावतीच्याच काठी आहे असे आई सांगत होती. सुट्टी लागली की मी तिकडे जाणार आहे.